वेग बदलला की मासा पर बदलतो

ताजा बांगडा साफ करण्याआधी त्याच्या पाठीवरून शेपटीकडे बोट फिरवून बघा. शेपटीच्या अलीकडे एकामागोमाग एक पाच छोटे, सुटे पर हाताला लागतील. खालच्या बाजूलाही तसेच पाच. त्यांच्या पुढे पाठीवर दोन मोठे पर असतात, आणि त्यांतला पहिला दुमडला की पाठीच्या खाचेत जवळजवळ दिसेनासा होतो. छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड पर, पोटाखाली एक जोडी आणि शेवटी खोल दुभंगलेली शेपटी. त्याच पाटीतला बोंबील उचला तर अंग लुळं, आणि शेपटीला दोनऐवजी तीन टोकं. पापलेटाला तर मोठं झाल्यावर पोटाखालची जोडी नसतेच.

एकाच समुद्रातले, कधी कधी एकाच जाळ्यात आलेले हे मासे, आणि परांची मांडणी इतकी वेगळी. याचं मोठं कारण वेग आहे. कोणत्या माशाला कोणत्या वेगाने जगायचं आहे, हे त्याच्या परांवर जवळजवळ लिहिलेलं असतं. पण त्याहून विलक्षण गोष्ट ही की एकच मासासुद्धा सगळ्या वेगांना तेच पर वापरत नाही. सावकाश जाताना ज्या परांवर त्याची सगळी भिस्त असते, तेच पर वेग वाढला की तो अंगाशी मिटून टाकतो आणि काम दुसऱ्या अवयवाकडे सोपवतो.

आपल्याला साधारण असं वाटतं की मासा शेपटी हलवतो, आणि जोरात जायचं असेल तर जोरात हलवतो. हे खोटं नाही, पण हा गोष्टीचा फक्त मधला भाग आहे. मासा असं का करतो, हे कळायला आधी पाण्याकडे बघायला हवं.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. पाण्यातून पुढे सरकणाऱ्या माशाला जो विरोध होतो तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत जातो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. आणि हा चौपट विरोध दुप्पट वेगाने मोडत जायचं म्हणजे दर सेकंदाला लागणारी शक्ती आठपट. वेग तिप्पट करायचा तर सत्तावीसपट. कोणत्याही प्राण्याच्या शरीरात एकच यंत्रणा अशी असू शकत नाही की जी एका टोकाला एक भाग शक्ती काटकसरीने देईल आणि दुसऱ्या टोकाला सत्तावीस भाग शक्ती तितक्याच काटकसरीने देईल. स्नायूंचीही तीच अडचण. प्रत्येक प्रकारचा स्नायू आकुंचनाच्या एका ठरावीक वेगालाच चांगलं काम करतो. त्याहून हळू किंवा त्याहून जलद करायला लावलं की खाल्लेलं अन्न वाया जातं, हाती फार काही लागत नाही. दुचाकी घाटात चौथ्या गिअरवर ओढली तर इंजिन गुदमरतं, आणि सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये पळवली तर नुसतं ओरडतं. माशालाही गिअर बदलावे लागतात. त्याचे गिअर म्हणजे त्याचे पर आणि त्यांच्यामागचे स्नायू.

पर म्हणजे चामड्याची एक सपाट पट्टी, असं वरवर पाहता वाटतं. प्रत्यक्षात बांगडा, रोहू, तिलापिया अशा हाडांच्या सांगाड्याच्या माशांचा पर हा बारीक काड्यांवर ताणलेला पातळ पडदा असतो. पडदा जिच्यावर ताणलेला असतो अशी प्रत्येक मऊ काडी दोन अर्ध्या काड्या एकमेकींना चिकटून बनलेली असते. काडीच्या मुळाशी असलेले छोटे स्नायू एका अर्ध्या काडीला दुसरीवरून किंचित सरकवतात आणि त्या सरकण्याने सबंध काडी वाकते. त्यामुळे मासा पर उघडू-मिटू शकतो, एवढंच नाही, तर तो कुठे वाकवायचा, कुठे ताठ ठेवायचा, वरची कड आधी पुढे न्यायची की खालची, हे प्रत्येक फटकाऱ्याला ठरवू शकतो. माणसाने बनवलेल्या कोणत्याही वल्ह्याला किंवा पंख्याला हे जमत नाही. माशाच्या शरीरात मला सर्वांत जास्त थक्क करणारी हीच गोष्ट वाटते. एकच पर वल्हं होतो, सुकाणू होतो, ब्रेक होतो आणि नको तेव्हा नाहीसाही होतो.

आता सर्वांत कमी वेगापासून सुरुवात करू, म्हणजे शून्यापासून.

पाण्यात एका जागी स्थिर राहणं हे आराम करणं नसतं. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्यामुळे ते बुडत नाहीत. पण पुष्कळ माशांत ही पिशवी शरीराच्या गुरुत्वमध्याच्या थोडी खाली येते. त्यामुळे मासा सतत उलटा होऊ पाहतो. मेलेला मासा पोट वर करून तरंगतो तो याच कारणाने. शिवाय श्वासासाठी तोंडातून घेतलेलं पाणी कल्ल्यांमधून मागे बाहेर पडतं आणि त्या धक्क्याने मासा जरासा पुढे ढकलला जातो. घरच्या टाकीतला गोल्डफिश एका जागी उभा असताना त्याचे छातीचे पर सारखे हलत असतात, ते हा धक्का रद्द करण्यासाठी आणि तोल सावरण्यासाठी. पुढे ढकलणाऱ्या आणि मागे खेचणाऱ्या जोरांची बेरीज शून्य ठेवायला त्याला क्षणभरही उसंत नसते.

या मंद वेगाच्या दुनियेत काही माशांनी शेपटीला जवळपास निवृत्तच केलं आहे. भीमेच्या खोऱ्यात मिळणारा चालट हा चपटा, चंदेरी मासा पाहा. त्याच्या पोटाखालून निघालेला एक लांबलचक पर थेट शेपटीला जाऊन मिळतो आणि त्यात शंभराच्या आसपास काड्या असतात. अंग ताठ ठेवून तो या परातून लाटा सोडतो. लाट डोक्याकडून शेपटीकडे गेली की मासा पुढे जातो, शेपटीकडून डोक्याकडे आली की तितक्याच सहजतेने मागे. दक्षिण अमेरिकेत याच पद्धतीने पोहणारा, पण चालटाशी नातं नसलेला, काचेसारख्या पारदर्शक अंगाचा एक मासा आहे. त्याच्यावरच्या प्रयोगांत आणखी एक युक्ती सापडली. तो मासा एकाच परात एकाच वेळी दोन विरुद्ध लाटा सोडतो, पुढच्या भागातून मागे जाणारी आणि मागच्या भागातून पुढे येणारी. दोन्ही लाटा जिथे भेटतात ती जागा जराशी मागे-पुढे सरकवली की पुढचा किंवा मागचा जोर वरचढ होतो. दोन्ही लाटांची शक्ती एकमेकींविरुद्ध खर्च होताना पाहून हा अपव्यय वाटेल. पण त्या बदल्यात माशाला स्थैर्यही मिळतं आणि पटकन वळण्याची मुभाही, या दोन गोष्टी एरवी एकत्र मिळत नाहीत. २०१३ साली हे काम प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून पाण्याखालच्या यंत्रांची रचना करणारे लोक या परांकडे फार गांभीर्याने बघतात.

समुद्रघोडा याच जातकुळीतला म्हणावा लागेल, निदान पोहण्याच्या बाबतीत. त्याच्या शेपटीला पर नाही, ती फक्त गवताला विळखा घालायच्या कामाची. पाठीवरचा एक छोटा पर सेकंदाला सुमारे ३५ वेळा थरथरतो आणि उभा समुद्रघोडा हळूहळू पुढे सरकतो. ही थरथर डोळ्यांना दिसतही नाही. १९४० च्या दशकात वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून ती मोजावी लागली.

पण बहुतेक माशांचं मंद वेगाचं मुख्य साधन म्हणजे छातीच्या परांची जोडी. इथे दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिली वल्हवण्याची. पर रुंद उघडून मागे ओढायचा, म्हणजे पाणी मागे आणि मासा पुढे. मग पर मिटून, कड पुढे करून परत पुढे आणायचा. ही पद्धत सावकाश पोहायला, थांबायला, वळायला उत्तम. पण तिला एक कडक मर्यादा आहे. पर मागे जाताना तो भोवतालच्या पाण्यापेक्षा जलद मागे गेला पाहिजे, तरच पाणी ढकललं जाईल. मासा जितका जलद पुढे जाईल तितकं पाणी त्याच्या अंगावरून जलद मागे जातं, आणि एका वेगाला पराला पाण्याला गाठणंच कठीण होतं. त्यात परत आणण्याच्या वेळी पर उलट अडथळाच करतो.

दुसरी पद्धत पर वर-खाली हलवण्याची. यात पर तिरका ठेवून पाणी कापत जातो, त्यामुळे वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा पुढचा जोर मिळू शकतो. प्रवाळ खडकांवरचे ‘रास’ नावाचे रंगीत मासे असे पोहतात. त्यांच्यातल्या ज्यांचे छातीचे पर लांब आणि निमुळते असतात ते जलद आणि वर-खाली फडकवून पोहतात, ज्यांचे पर रुंद आणि गोल असतात ते वल्हवत सावकाश जातात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर केलेल्या पाहणीत दिसलं की जिथे लाटांचा मारा जास्त तिथे निमुळत्या परांच्या जाती अधिक, आणि आतल्या शांत पाण्यात गोल परांच्या. आपल्याकडच्या पाकटाने तर छातीच्या परांचंच सबंध शरीर करून टाकलं आहे आणि त्यांच्या कडांतून लाटा सोडत तो जातो.

आता गिअर बदलण्याचा क्षण. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत ब्लूगिल नावाचा हातभर नाही, वीतभर मासा असतो. त्याला प्रयोगशाळेत वाहत्या पाण्याच्या नळीत सोडतात आणि पाण्याचा वेग हळूहळू वाढवत नेतात. जागच्या जागी राहायचं तर माशाला तितक्याच वेगाने पोहावं लागतं. सुरुवातीला तो फक्त छातीच्या परांनी वल्हवतो, शेपटी स्वस्थ. पाण्याचा वेग सेकंदाला त्याच्या स्वतःच्या लांबीएवढा झाला, म्हणजे २० सेंटिमीटरच्या माशाला सेकंदाला साधारण २० सेंटिमीटर, की तो शेपटी हलवू लागतो. वेग आणखी वाढला की छातीचे पर अंगाशी चिकटतात आणि सगळं काम शेपटीचं. पॅसिफिक किनाऱ्यावरचा सर्फपर्च दिसायला बराचसा तसाच, पण तो फक्त छातीच्या परांवर याच्या जवळपास दुप्पट वेग गाठतो. पाण्यात बारीक कण सोडून, त्यांच्यावर लेसरचा प्रकाश टाकून एलियट ड्रकर आणि जॉर्ज लॉडर यांनी २००० साली यामागचं कारण शोधलं. ब्लूगिलच्या परांनी ढकललेलं बरंच पाणी बाजूला जातं, सर्फपर्चचं नेमकं मागे. बाजूला गेलेला जोर मात्र फुकट नसतो, तो ब्लूगिलला झटकन वळायला उपयोगी पडतो. झाडोऱ्यात किडे टिपत फिरणाऱ्या माशाला वळणं हवं असतं, लाटांत राहणाऱ्याला सरळ पुढचा जोर. दोन्ही एकदम मिळत नाही.

त्याच लॉडर यांच्या प्रयोगशाळेने पाठीच्या पराचंही काम मोजलं. तो नुसता तोल सांभाळायला असतो असा पूर्वी समज होता. ब्लूगिलच्या पाठीच्या पराचा मागचा मऊ भाग शेपटीआधी स्वतःचा फटकारा देतो आणि एकूण पुढच्या जोरातला दहाव्या हिश्श्याहून थोडा अधिक वाटा उचलतो, असं त्यांना आढळलं.

वेग वाढला आणि शेपटीने सूत्रं हाती घेतली की माशाचा हिशोब आश्चर्यकारकरीत्या सोपा होतो. १९५८ साली केंब्रिजमध्ये रिचर्ड बेनब्रिज यांनी पाण्याने भरलेलं एक मोठं गोल चाक बनवलं. त्यातल्या गोल नळीत मासा पोहत असे आणि चाक उलट्या दिशेने फिरवत, त्यामुळे मासा कितीही जलद पोहला तरी कॅमेऱ्यासमोरच राहत असे. डेस आणि ट्राउट हे नदीतले मासे आणि गोल्डफिश या तिघांना त्यांनी असं पोहायला लावलं. हळू पोहताना मासा वेग वाढवण्यासाठी शेपटी जास्त वेळाही हलवत होता आणि जास्त रुंदही. पण सेकंदाला सुमारे पाच फटकाऱ्यांच्या पुढे गेल्यावर शेपटीचा झोका रुंद होणं थांबलं. तो शरीराच्या लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर स्थिर झाला. तिथून पुढे वेग वाढवण्याचा एकच मार्ग उरला, फटकाऱ्यांची संख्या वाढवणं. बेनब्रिज यांच्या सूत्रात आकडे घातले तर २० सेंटिमीटरचा मासा सेकंदाला ५ फटकारे देऊन ५५ सेंटिमीटर जातो आणि १० फटकारे देऊन १ मीटर ३० सेंटिमीटर.

यातून एक सुंदर आकडा निघतो. जलद पोहणारा मासा एका पूर्ण फटकाऱ्यात, म्हणजे शेपटी डावीकडून उजवीकडे आणि परत, ढोबळमानाने स्वतःच्या लांबीच्या ०.६ ते ०.८ पट पुढे जातो. एक मीटर लांबीचा मासा घ्या. शेपटीचा झोका २० सेंटिमीटर, एका फटकाऱ्यात कापलेलं अंतर ७० सेंटिमीटर. वीसला सत्तरने भागलं की ०.२९ येतात. आता छोटे मासे, मोठे मासे, डॉल्फिन, इतकंच काय, उडणारे पक्षी आणि वटवाघळं, सगळ्यांचं हे गुणोत्तर मोजलं तर ते बहुतेक ०.२ ते ०.४ च्या दरम्यानच पडतं. याला स्ट्रूहाल अंक म्हणतात.

हे असं का, याचं उत्तर माशाच्या मागे सुटलेल्या पाण्यात आहे. शेपटी एका बाजूला गेली की तिच्या टोकाशी पाण्याचा एक भोवरा सुटतो. दुसऱ्या बाजूला गेली की उलट फिरणारा दुसरा. डावे-उजवे भोवरे ओळीने मागे सुटत जातात आणि दोन ओळींच्या मधून पाण्याची धार मागे फेकली जाते. मासा त्या धारेच्या उलट दिशेला, पुढे ढकलला जातो. फटकारे फार सावकाश असले तर भोवरे लांब लांब पडतात आणि धार बनत नाही. फार घाईचे आणि रुंद असले तर पाणी बाजूलाच घुसळलं जातं. ०.२ ते ०.४ हा मधला पट्टा, जिथे घातलेल्या कष्टाचा जास्तीत जास्त भाग मागच्या धारेत उतरतो. माशाला गणित येत नाही, पण ज्यांना हा पट्टा साधला नाही त्यांचे वंशज आज पोहत नाहीत.

भोवऱ्यांशी माशांची ओळख इतकी जवळची की ते दुसऱ्याचे भोवरेही वापरतात. नदीतल्या दगडामागे पाण्यात भोवरे सुटत असतात. ट्राउट तिथे येऊन आपलं अंग त्या भोवऱ्यांच्या तालावर सैल सोडतो आणि फार थोडे स्नायू वापरून जागा धरून ठेवतो. किती थोडे, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. एक मेलेला ट्राउट अडथळ्यामागच्या भोवऱ्यांत ठेवला, तर त्याचं लवचीक शरीर त्या तालावर हलू लागलं आणि तो प्रवाहाच्या विरुद्ध पुढे सरकला. माशाच्या शरीराचा आणि परांचा लवचीकपणा स्वतःच अर्धं काम करून टाकतो, याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

परांच्या मागे स्नायू आहेत आणि त्यांचा हिशोब मासे खाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला आहे, कदाचित लक्ष न देता. बांगड्याची कातडी सोलली की बाजूच्या मध्यरेषेवर गडद तपकिरी मांसाची पट्टी दिसते, बाकी मांस फिकं. ती गडद पट्टी म्हणजे लाल स्नायू. त्यात रक्तपुरवठा भरपूर, ऑक्सिजन भरपूर, चरबी जाळून तो तासन्‌तास न थकता काम करतो, पण हळू. फिका स्नायू ऑक्सिजनशिवायही धावू शकतो आणि प्रचंड जोर लावतो, पण थोड्याच वेळात दमतो. मासा रोजच्या प्रवासात फक्त ती पातळ पट्टी वापरतो. आपण जे ताटात घेतो ते बहुतेक मांस म्हणजे संकटासाठी किंवा शिकारीसाठी राखून ठेवलेली शक्ती आहे. १९८८ साली लॉरेन्स रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशावर दाखवलं की फिक्या स्नायूंचे धागे तिरके, पिळदार मांडलेले असल्यामुळे ते थोडेच आखूड झाले तरी शरीर खूप वाकतं. लाल धाग्यांना तेवढंच वाकवायचं तर चौपट आखडावं लागलं असतं, आणि पळून जाण्याच्या घाईत तेवढ्या जलद आखडणं त्यांच्या आवाक्यातलंच नाही. पाणी थंड असलं की लाल स्नायू आणखी मंदावतो, म्हणून थंडीत कार्पला कमी वेगालाच फिक्या स्नायूंची मदत घ्यावी लागते आणि तो लवकर दमतो.

पळून जाण्याचा क्षण हा वेगळाच गिअर आहे. पाण्यात धप्पकन काही पडलं की माशाच्या मेंदूच्या मागच्या भागातल्या दोन राक्षसी चेतापेशींपैकी एक पेटते, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास विरुद्ध बाजूचे सगळे स्नायू एकदम आकुंचन पावतात. मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकतो आणि लगेच उलटा फटकारा मारून निसटतो. या वेळी पाठीचा आणि पोटामागचा पर तो पूर्ण उभारतो, म्हणजे जास्तीत जास्त पाणी एका झटक्यात ढकलता येतं. दबा धरून शिकार करणाऱ्या पाइक माशाचे हे दोन्ही पर शेपटीला अगदी लागून असतात ते याचसाठी. गुरुत्वाकर्षणाच्या दहापटीहून अधिक त्वरण त्याच्यात मोजलं गेलं आहे.

दूरवर सतत वेगाने जायचं असेल तर उलट. कुपा, ज्याला आपल्या किनाऱ्यावर गेदरही म्हणतात, तो या कामाचा उस्ताद. त्याचं अंग जवळजवळ ताठ राहतं, चंद्रकोरीच्या आकाराची कडक शेपटी तेवढी फटकारते. या जातीच्या पोटात हवेची पिशवी नाही, त्यामुळे थांबला की तो बुडतो. जॉन मॅग्नसन यांनी १९७० च्या सुमारास हवाईमध्ये नेमक्या याच जातीचा अभ्यास केला. हळू पोहताना कुपा छातीचे पर पूर्ण पसरतो, कारण विमानाच्या पंखांप्रमाणे तेच त्याला वर उचलून धरतात. वेग वाढला की थोड्या परानेही तेवढीच उचल मिळते, म्हणून तो ते मागे मिटत नेतो. पाठीचा पहिला पर खाचेत जातो, छातीचे पर अंगावरच्या खोलगट जागी बसतात. ट्यूना वर्गातल्या माशांत पाठीचा दुसरा पर आणि पोटामागचा पर उभे-आडवे करायला शरीरातला लसिकेचा द्रव दाबाने परांच्या मुळाशी भरला जातो, असं २०१७ साली उघड झालं. आणि बांगड्याच्याही अंगावर असलेले ते सुटे छोटे पर? बांगड्याच्या कुळातल्या चब मॅकरलवरच्या प्रयोगांत दिसलं की ते शेपटीकडे येणाऱ्या पाण्याला वळण लावतात.

अतिवेगाबद्दलच्या दंतकथा मात्र सोडून द्यायला हव्यात. सेलफिश ताशी ११० किलोमीटरने पोहतो, हे वाक्य अजून मुलांच्या पुस्तकांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत फिरतं. गळाची दोरी किती जलद सुटली यावरून शंभर वर्षांपूर्वी केलेला तो अंदाज आहे. १९७५ साली क्लेमेंट वॉर्डल यांनी एक सरळ विचार मांडला होता. शेपटी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे न्यायला दोन्ही बाजूंच्या स्नायूंना एकेकदा आकुंचन पावावं लागतं. स्नायू किती लवकर आकुंचन पावतो ते मोजा, म्हणजे जास्तीत जास्त फटकारे किती ते कळतं, आणि त्याला एका फटकाऱ्यातल्या अंतराने गुणा. लहान माशांचे स्नायू फार चपळ असतात. बोटभर मासा सेकंदाला वीसहून अधिक फटकारे देऊ शकतो, मोठ्या माशाला ते जमत नाही. हीच रीत २०१६ साली सेलफिशला लावली तेव्हा त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ८.३ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटर निघाला. शिवाय पृष्ठभागाजवळ सेकंदाला १० ते १५ मीटरच्या पुढे शेपटीजवळचा दाब इतका घसरतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात आणि परांना इजा करतात. पाण्यातल्या वेगाला ही निसर्गाचीच मर्यादा आहे. ताशी ३० किलोमीटर हा आकडा मला जराही कमी वाटत नाही. हवेच्या ८०० पट घन पदार्थातून तो वेग काढायचा आहे.

बोंबलाला यातलं काही नको. खाडीच्या तोंडाशी, गाळाच्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या ओढीत तो राहतो आणि जवळा टिपतो. आपले कोळी डोल जाळं खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर लावतात आणि ओढीबरोबर बोंबील आत येतात. तिवरांच्या चिखलातली निवटी बघा, तिने गिअर बदलण्याची ही रीत जमिनीवरही आणली आहे. सावकाश जायचं असेल तर दोन्ही छातीचे पर एकदम टेकून ती अंग पुढे ओढते, आणि पाय वाजला की शेपटी वाकवून उडी मारते.

हे सगळं ज्ञान कोकण किनाऱ्यावर कुठे कामाला येतं, तर ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागून ओढत नेलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात. वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याखालच्या कॅमेऱ्यांनी पाहिलं की जाळ्याच्या तोंडाशी आलेला मासा लगेच आत जात नाही. तो जाळ्याच्या पुढे, जाळ्याच्याच वेगाने पोहत राहतो. ट्रॉल साधारण सेकंदाला १.३ मीटरने ओढलं जातंय असं धरा. ४० सेंटिमीटरच्या माशाला बेनब्रिज यांच्या सूत्राप्रमाणे त्यासाठी सेकंदाला ६ च्या आसपास फटकारे द्यावे लागतात. १० सेंटिमीटरच्या पिल्लाला जवळपास १९. मोठा मासा बराच वेळ टिकतो, फटकारा मारून जरा घसरत जातो, पुन्हा मारतो आणि दम वाचवतो. पिल्लू पहिल्यापासून फिक्या स्नायूंवर पोहत असतं आणि लवकरच मागे पडून पिशवीत जातं. तिथे पोहोचेपर्यंत त्याच्याकडे जोर मारून निसटण्याची शक्ती फारशी उरलेली नसते. नेहमीच्या जाळ्याची तिरकी आस, म्हणजे विणीतलं भोक, ओढ बसली की मिटते, आणि मिटलेल्या आसेतून घुसायला जो झटका लागतो तोच त्याच्याकडे नसतो. म्हणून ट्रॉलच्या मागच्या पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावा, असा आग्रह मत्स्यशास्त्रज्ञ धरतात, आणि तो प्रत्येक बंदरावर पाळला जावा असं मला मनापासून वाटतं. चौकोनी आस ओढीतही उघडी राहते. दमलेलं पिल्लू छातीचे पर हलवत, सावकाशसुद्धा तिच्यातून बाहेर पडू शकतं.